अठ्ठ्याण्णव सालची कॅसेट

अकोला,
९ जानेवारी २०२५

प्रिय पौर्णिमा,

कागदावरचं पत्र पाहून तू आधी घाबरशील आणि मग हसशील. हस. पण त्याआधी ते व्हॉइस मेसेज पाठवणं बंद कर. सहा-सहा मिनिटांचे असतात, आणि अर्ध्या मेसेजमध्ये तर तू भाजीवाल्याशीच भांडत असतेस. आम्ही फुलवाले, पहाटे बाजारात आणि दिवसभर दुकानात. ऐकत बसायला सवड कुठली? फोनही नको करूस, गिऱ्हाइकाच्या गडबडीत धड बोलणं होत नाही. लिहीत जा. माझ्या लग्नानंतर पहिली दोन वर्षं लिहीतच होतो की आपण.

लिहायला कारणही आहे. आमच्या नितेशचं लग्न एप्रिलच्या शेवटी धरलं आहे. मुलगी अंजनगाव सुर्जीची, गीतांजली नाव. साखरपुड्याला तू नव्हतीस म्हणून सांगते, मुलगी गुणी आहे, फार हळू बोलते. हळदीच्या दिवशी आपली अठ्ठ्याण्णव सालची गाणी वाजवावीत असं माझ्या मनात आहे. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला मी मामांकडे, तुमच्या घरी राहिले, त्या वर्षीची. राजकमल चौकातून आपण कॅसेट भरून आणली होती, एका बाजूला हिंदी पॉप आणि दुसऱ्या बाजूला इंग्रजी रॉक. आठवतील तेवढी लिहून पाठव. पण नुसती नावं नकोत. कसं वाजायचं तेही लिही, सुरुवातीला काय, मध्ये काय, कुठं थांबायचं. मला काही आठवतात, काही निसटत चालली आहेत.

मामींना नमस्कार. तुझ्या लेकीला, करिश्माला पापा.

तुझी साधना

---

अमरावती,
१६ जानेवारी

साधना,

रागावलीस तर सरळ लिही ना. साखरपुड्याला आले नाही कारण शाळेत पाचवीच्या परीक्षा होत्या, हे तुला चारदा मेसेजमध्ये सांगितलं. त्या मेसेजना उत्तर नाही, फोन उचलायचा नाही, आणि आता म्हणे पत्र लिही. बरं बाई. मुलाकडची आहेस, तुझा मान मोठा.

गाणी मात्र मला सगळी पाठ आहेत. नावं आपल्याला तेव्हाही माहीत नव्हती, आपलीच नावं चालायची. पहिलं ‘उंटावरचं’. तो कुरळ्या केसांचा पोरगा टीव्हीवर उंटावर बसून गिटार वाजवायचा, आणि बाबा दरवेळी म्हणायचे, “उंट हालला का तार तुटन याची.” सुरुवातीला नुसती गिटार, चार वेळा तेच, मग ढोलक. दुसरं ‘पिवळ्या स्वेटरचं’. ती पोरगी बर्फात गात होती आणि आपण अमरावतीच्या मे महिन्यात तसा स्वेटर पाहिजे म्हणून हटून बसलो होतो. तू तर विणायला घेतलास. एक बाही झाली, निकाल लागून तू घरी गेलीस आणि तो राहिलाच.

इंग्रजी बाजूचं राजा गाणं म्हणजे ‘सांग मले’. तो गोरा घसा फोडून ओरडायचा, “सांग मले, सांग मले,” आणि तू शपथेवर म्हणायचीस की हा माणूस दर्यापूरकडचा आहे, विलायतेत गेला तरी बोली सुटली नाही. कॉलेजात एका शहाण्यानं सांगितलं की ते ‘सिंग अ साँग, मॉली’ आहे. आपण त्याच्याशी बोलणं सोडलं होतं. आणि सगळ्यात शेवटचं ‘शिट्टीवालं’.

लिहीत काय बसू? करिश्मानं सगळी शोधून पेन ड्राइव्हमध्ये भरून दिली आहेत. सोबत कुरिअरनं पाठवते. तूच ऐक.

पौर्णिमा

---

अकोला,
२७ जानेवारी

प्रिय पौर्णिमा,

पेन ड्राइव्ह मिळाला. काल दुपारी दुकान शांत होतं तेव्हा स्पीकरला लावला. काय सांगू! उंटावरच्याची गिटार सुरू झाली आणि अंगावर काटा आला. चार वेळा तेच, मग ढोलक, अगदी तू लिहिलंस तसं. ‘सांग मले’ला तर टेबल हादरत होतं. शेजारचे किराणावाले पुंजाजी आवाज ऐकून दारात आले आणि डोळे मिटून हात जोडून उभे राहिले. म्हातारा थट्टेखोर आहे. मीही हसून हात जोडले.

तू माझी इतकी आठवण ठेवतेस आणि मी रागावेन कशी? तसं काही मनात आणू नकोस.

इकडे नवीन म्हणजे मी आता गल्ल्यावर बसत नाही. मागच्या खोलीत हार गुंफायला बसते. आमचे हे, शेखरच गिऱ्हाईक पाहतात. मला बरंच पडलं ते, गिऱ्हाइकाची कटकट नाही.

गाण्यांचं मात्र लिहून पाठवच. पेन ड्राइव्ह असला तरी लिहिलेलं पाहिजे मला.

साधना

---

अमरावती,
४ फेब्रुवारी

साधना,

हे पत्र मी रागानं लिहिते आहे, तेव्हा तू रागानंच वाच.

काल आईनं घर डोक्यावर घेतलं. तिच्या भजन मंडळाचा गुरुकुंज मोझरीला कार्यक्रम आहे आणि सरावाचा पेन ड्राइव्ह सापडेना. शोधता शोधता कपाटात एक मिळाला. लावून पाहिला तर काय, उंटावरचा गिटारवाला. म्हणजे तुला मी पाठवला तो आईचा. त्यात सात बाया, एक हार्मोनियम आणि दोन खंजिऱ्या आहेत. तीन भजनं आणि मध्ये आई पार्वताबाईंना ताल चुकल्याबद्दल रागावते, एवढंच.

त्यात तुला गिटार कुठं सापडली? पुंजाजी बिचारे भजन ऐकून हात जोडून उभे राहिले, आणि तू त्यांना थट्टेखोर ठरवलंस!

ऐकलं नाहीस तर ऐकलं नाही म्हणायचं. त्यात काय एवढं? पण न ऐकता ‘अंगावर काटा आला’ म्हणून लिहायचं, हे मला लागलं. लग्नातल्या दूरच्या पाहुण्याला आपण असं गोड खोटं बोलतो. मी तुझी एवढी परकी झाले? साखरपुड्याचा राग असा काढणार असशील तर पत्रंही नकोत.

पौर्णिमा

---

अकोला,
९ फेब्रुवारी

पौर्णिमा,

ऐकलं नाही असं नाही. स्पीकरला कान लावून बसले होते. मला ऐकूच येत नाही.

दोन वर्षं झाली असतील. हळूहळू गेलं, त्यामुळे घरच्यांना वाटायचं की हिचं लक्ष नसतं. मलाही तसंच वाटायचं. त्या दिवशी स्पीकरमधून नुसतं काहीतरी घुमत होतं, धप् धप्. ती खंजिरी होती हे आता कळलं. मला वाटलं ड्रम आहेत, आणि बाकीचं सगळं डोक्यानंच वाजवलं. खोटं बोलावं म्हणून नाही लिहिलं गं. मला खरंच गिटार ऐकू आली होती.

गल्ल्यावरून मी आपखुशीनं उठले नाही. दिवाळीनंतर एक माणूस आला आणि म्हणाला, “वरातीले मोठा हार पायजे.” मी ऐकलं, वारले, मोठा हार पायजे. मी तोंड पाडून विचारलं, “कधी?” तो म्हणाला, आज चार वाजता. मी म्हटलं, “जाऊ द्या दादा, सुटले बिचारे.” तो हसला. मला वाटलं दुःखानं वेडा झाला असेल. दुपारी मी पांढऱ्या शेवंतीचा हार बांधून दिला आणि तो तसाच घोड्यावरच्या नवरदेवापर्यंत पोचला. मग नवरदेवाचा मामा दुकानात आला. तो काय बोलला ते मला ऐकू आलं नाही, पण शेखरचा चेहरा दिसत होता. दुसऱ्या दिवसापासून मी मागच्या खोलीत.

मग शेखर मला डॉक्टरकडे घेऊन गेले. कानात आत तीन लहान हाडं असतात, त्यातलं सगळ्यात लहान, तांदळाच्या दाण्याहून बारीक, ते जाम झालं आहे. दोन्हीकडचं. एका कानाचं ऑपरेशन करून ते बदलता येतं. बहुतेकांना गुण येतो, पण एखाद्याचा कान पार जातो, असंही डॉक्टरांनी सांगितलं. मी नाही म्हणून उठून आले. आहे ते थोडंसं घुमणंही गेलं तर? तो एखादा कोणीतरी असतोच ना.

म्हणून तुला लिहून पाठव म्हटलं. हळदीचं निमित्त होतं. मला वाटलं, पुढे कान गेलेच तर कागद वाचून ती गाणी मनात वाजवता येतील. ते वर्ष माझं फार आवडतं आहे.

शेखरना मी शपथ घातली आहे, अमरावतीला कळवायचं नाही म्हणून. आता कळलंच. कोणाला सांगू नकोस. पण एक सांगते, हे लिहून झाल्यावर मला फार दिवसांनी भूक लागली आहे.

साधना

---

अमरावती,
१२ फेब्रुवारी

साधना,

तुझं पत्र आईला वाचून दाखवलं. सांगू नकोस म्हटलं होतंस, पण मला ते एकटीला वाचवेना. आम्ही दोघी आधी रडलो आणि मग, माफ कर, नवरदेवाच्या मामाला हसलो. आई म्हणाली, “पोरीनं बरोबरच सांगतलं होतं त्या मानसाले.”

मी दोन वर्षं तुला व्हॉइस मेसेज पाठवत होते आणि उत्तर आलं नाही की फुगून बसत होते. माझं मलाच कसंतरी वाटतं. ते राहू दे. आता मुद्द्याचं.

अठ्ठ्याण्णवची गाणी मी लिहून देणार नाही. तुला त्याची गरजच नाही. समोर खंजिरी वाजत असताना तू गिटार ऐकलीस, इतकी ती तुझ्यात पक्की बसली आहेत. ती कुठं जात नाहीत. पण गीतांजलीचा आवाज तुझ्या डोक्यात आहे का? ती एप्रिलमध्ये तुझ्या घरी येईल आणि रोज तुला हाका मारेल. ते डोकं कसं वाजवणार? नितेशला उद्या लेकरू होईल. त्याचं रडणं तू कुठल्या कॅसेटमधून आठवणार? आहे ते सांभाळून बसलीस तर तुझ्याकडे अठ्ठ्याण्णव सालच उरेल, आणि आपण आता विशीतल्या नाही.

तुला भीती वाटते, ते मला कळतं. मला तुझ्यापेक्षा जास्त वाटते आहे. तरीही सांगते. रविवारी सकाळी मी तुला न्यायला अकोल्याला येते. शेखररावांना मेसेज केला आहे. आपण इथल्या एका कानाच्या डॉक्टरांना दाखवू, त्यांचं मत घेऊ, आणि ते करा म्हणाले तर करू. माझ्याकडेच राहायचं. मी समोर आल्यावर डोकं हलवून हो-हो करू नकोस. ऐकू नाही आलं तर सांग मले. मी पुन्हा बोलेन, वीस वेळा बोलेन, बोलण्यात मी कधी दमले आहे?

पौर्णिमा

---

अकोला,
१७ मार्च

प्रिय पौर्णिमा,

काल सुखरूप पोचलो. तुझ्या घरी इतके दिवस ऐतं खाल्लं की साडीचा ब्लाउज घट्ट झाला आहे. मामींनी उशाशी बसून जे काही म्हटलं ते त्यांच्या ओठांवरून कळत होतं.

पण खरं लिहायचं ठरलं आहे आपलं, म्हणून लिहिते. ऑपरेशननंतर कानातली पट्टी निघाली तेव्हा तू आशेनं माझ्याकडे पाहत होतीस आणि मी हसले. ते हसणं खोटं होतं. काही फरक नाही. उलट आधी जे घुमायचं तेही आता नाही, विहिरीत बुडी मारल्यासारखं वाटतं. डॉक्टर म्हणाले आत सूज आहे, थांबा. मी थांबते आहे. आपण तो एखादा निघालो असू तर निघालो. तू ढकललंस असं मनात आणू नकोस. सही माझी होती.

साधना

---

अमरावती,
२१ मार्च

साधना,

ढकललं मीच. रोज शाळेत फळ्याकडे तोंड करून उभी राहते आणि पोरांना पाढे म्हणायला लावते, म्हणजे कोणाला माझा चेहरा दिसत नाही. आईनं मोझरीला जाऊन तुझ्यासाठी काय मागितलं ते ती सांगत नाही.

काही कळलं की कळव. बरं असो वा वाईट.

पौर्णिमा

---

अकोला,
३ एप्रिल

पौर्णिमा,

आधी बस आणि मग वाच.

परवा सकाळी पोह्यांसाठी कढईत मोहरी टाकली आणि मी दचकून दोन पावलं मागे सरकले. मोहरी तडतडली. दोन वर्षं मोहरी मला फक्त उडताना दिसत होती गं. मी गॅस बंद केला, पुन्हा लावला, पुन्हा चिमूटभर टाकली. पुन्हा तडतडली. सगळी मोहरी संपवली.

पण विश्वास बसेना. माझ्या डोक्याचा काय भरवसा, भजनात गिटार ऐकणारं ते. म्हणून तू दिलेला खरा पेन ड्राइव्ह लावला. उंटावरचं आलं, स्वेटरचं आलं, ‘सांग मले’ आलं. तरी खात्री होईना. ही तर पाठच आहेत, डोकंच वाजवत असेल, असं वाटत राहिलं. मग शेवटचं शिट्टीवालं लागलं.

तुला आठवतं का, आपल्या कॅसेटमध्ये ते पूर्ण कधी नव्हतंच. राजकमल चौकातल्या कॅसेटवाल्या धम्मदीपनं भरून देताना टेप संपली आणि दुसऱ्या कडव्यात मध्येच गाणं तुटलं. आपण पुरं कधी ऐकलंच नाही. माझ्या डोक्यात ते आजही तिथंच तुटतं. परवा ती जागा आली आणि मी डोळे मिटून घेतले. गाणं तुटलं नाही. शिट्टी थांबली आणि एक बाई गायला लागली. पौर्णिमा, त्या गाण्यात एक बाई आहे. खर्जातला आवाज, जरा घोगरा, आणि तिच्या मागं नुसतं पेटीसारखं काहीतरी. अख्खं कडवं गाते ती. आपल्याला माहीतच नव्हतं.

ही बाई माझ्या डोक्यात नव्हती. म्हणजे ती कानातूनच आली. मी जमिनीवर बसून रडत होते तेव्हा शेखर धावत आले आणि नेहमीसारखे जोरात ओरडले, “काय झालं वं?” मी म्हटलं, “हळू बोला. मले ऐकू येते.” ते तिथंच माझ्याशेजारी खाली बसले. पोहे त्या दिवशी कोणीच खाल्ले नाहीत.

आता हसायचं. काल गीतांजली लग्नाच्या खरेदीला आली होती. मी तुला लिहिलं होतं ना, मुलगी फार हळू बोलते. अगं, ती आमच्या दुकानात बोलली तर टॉवर चौकात ऐकू जाईल. भाव करताना तिनं साडीवाल्याचं जे काही केलं ते मी माझ्या उजव्या कानानं शब्द न् शब्द ऐकलं. नितेशला तिनं कधीच सांगितलं होतं म्हणे, “तुमच्या आई माह्या बोलण्यावर निस्त्या हसते, मले त्यायची भीती वाटते.” आता भीती मला वाटायला हवी. पण आवाज छान आहे, मोकळा.

आणि एक निवाडा देऊन टाकते. हिंदी बाजूची सगळी गाणी भिकार आहेत. उंटावरचा बेसूर आहे. विशीत आपल्याला काहीही चालायचं. तरी हळदीला तीच वाजवायची.

डावा कान पुढच्या वर्षी पाहू. येत्या रविवारी मी फोन करते. पहिला फोन तुलाच, आईशप्पथ.

साधना

---

अमरावती,
७ एप्रिल

साधना,

काल तू फोन केलास आणि आज मी पत्र लिहिते आहे. कारण काल मी बोललेच नाही.

तू एका दमात सगळं सांगितलंस. लग्नाचा मंडप, पुंजाजींची माफी मागितलीस ते, गीतांजलीनं बँडवाल्याला कसं झापलं ते. तुझा आवाज बदलला आहे, तुला कोणी सांगितलं का? दोन वर्षांत तू मोठ्यानं आणि सपाट बोलायला लागली होतीस, मला ते गर्वाचं वाटायचं. काल पुन्हा पूर्वीसारखी खालीवर होत बोलत होतीस. मग तू म्हणालीस, “आता तू बोल. किती दिवसांचं साचलं असन तुह्यं.” आणि माझ्या तोंडून शब्द फुटेना. सहा-सहा मिनिटांचे मेसेज पाठवणारी मी. करिश्मा समोर उभी राहून बोल, बोल म्हणून खुणा करत होती.

ऑपरेशनच्या दिवसापासून माझ्या घशाखाली घास नीट उतरत नव्हता. तुझा कान गेला असता तर मी तुला तोंड कसं दाखवलं असतं, हाच एक विचार. तुझं तीन तारखेचं पत्र आलं, आईनं देवापुढे साखर ठेवली, तरी माझं मन धजेना. म्हटलं पत्रात काहीही लिहिता येतं, हिनं मागे गिटारही लिहिली होती. काल तुझ्या कानात माझं ‘हॅलो’ पोचलं आणि तू लगेच “पौर्णिमे” म्हणालीस, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. त्यानंतर बोलण्यासारखं काही राहिलंच नव्हतं.

मी तोंडावर पदर दाबून धरला होता, की तुला कळू नये. आनंदाच्या दिवशी कशाला. करिश्मा हातभर अंतरावर उभी होती, तिलाही काही ऐकू गेलं नाही. आणि तू तिकडून अगदी हळू आवाजात म्हणालीस, “रडून राहिली ना वं? ऐकू येऊन राहिलं मले.”

तुझी
पौर्णिमा